घर नंबर चारशे अकरा

सोमवारी दुपारी करुणानं त्या म्हातारीला पडताना पाहिलं, आणि मंगळवारी सकाळी कामावर येऊन बघते तर म्हातारी गॅसपुढं उभी राहून भाकरी थापत होती.

करुणा खुर्चीतल्या खुर्चीत मागं सरली. काल जिच्या अंगाभोवती तिनं स्वतःच्या हातानं चौकट ओढून खाली 'पडलेली' असं लिहिलं होतं, तीच बाई आज पिठाचा हात झटकत होती, फळीवरचा डबा काढायला टाचा उचलत होती. करुणानं चौकट नीट बसवली, 'उभी' हा शब्द निवडला आणि पुढची क्लिप घेतली. 

हिंगोलीत टायरच्या एका दुकानावर पहिल्या मजल्यावर ते ऑफिस होतं. बारा कॉम्प्युटर, बारा माणसं. जवळच्याच गोरेगावहून करुणा रोज सकाळी जीपनं यायची. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी बसल्यावर हे काम मिळालं होतं. काम असं, की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात त्यांची लेकरं कॅमेरा बसवतात. माणूस पडलं की कॅमेऱ्यानं ओळखायचं आणि लेकराच्या फोनवर घंटा वाजवायची. पण पडणं म्हणजे काय, झोपणं म्हणजे काय, हे कॅमेऱ्याला आधी कुणीतरी शिकवावं लागतं. ते करुणा शिकवायची. बारा-बारा सेकंदांच्या क्लिपा यायच्या. माणसाभोवती मशीननं स्वतःच्या अंदाजानं हिरवी चौकट मारलेली असायची, ट्रंक-स्टुलाभोवती करडी. चुकली असली तर सरळ करायची, खाली मशीननं सुचवलेला शब्द तपासायचा आणि पाचातला योग्य तो निवडायचा: उभी, चालणारी, बसलेली, झोपलेली, पडलेली. आवाज नसायचा. घराला नाव-गाव नसायचं, नुसता नंबर. ही म्हातारी घर नंबर चारशे अकराची.

"सर, ही बाई काल पडली होती," करुणा सुपरवायझरला म्हणाली. कुलदीप तिच्याच वयाचा होता, पण ऑफिसात सगळे त्याला सर म्हणायचे.

"मॅडम, क्लिपा पिसलेल्या असतात. पत्त्यासारख्या. आधी-नंतर शोधत बसू नका, डोकं फिरंल."

"मंग भाकरी आधी का पडणं आधी?"

"आपल्याला काय करायचं?" असं म्हणून तो पुढच्या टेबलाकडं गेला.

पण करुणा शोधत बसलीच. म्हातारीच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर कधी मे दिसायचा, दुसऱ्या क्लिपमध्ये फेब्रुवारी, मग जून. म्हातारी पुढं जायची, मागं यायची. तिच्या पायाला पट्टी बांधलेली असायची आणि पुढच्या क्लिपमध्ये ती जखम व्हायचीच असायची. बाहेर मार्च महिना चालू होता. कॅलेंडर जुलैच्या पुढं कधीच गेलं नाही.

आणि म्हातारी बोलायची.

रोज दुपारी ती ताटलीत भाकरीचा तुकडा घेऊन कॅमेऱ्याखालच्या भिंतीशी यायची. तिथं कॅमेऱ्याला दिसत नसे. चित्राच्या खालच्या कडेत ती नाहीशी व्हायची आणि रिकाम्या हातानं परत यायची. मग प्लास्टिकचं स्टूल ओढून बसायची, मान वर करून थेट बघायची, आणि ओठ हलायचे. इतर घरांतली माणसं कॅमेरा विसरून गेलेली असायची. ही विसरलेली नव्हती. बारा सेकंद ती करुणाच्या डोळ्यांत बघून काहीतरी विचारायची, थांबायची, उत्तराची वाट बघायची. तेवढ्यात क्लिप संपायची.

करुणाच्या डोळ्यांना खोडच लागली. जीपमध्ये बसलं की समोरच्या माणसांभोवती हिरव्या चौकटी दिसायच्या. बसलेली, बसलेला, बसलेली. गोरेगावच्या फाट्यावर उतरलं की चालणारा, उभी. एका रविवारी दुपारी तिची माय पद्माबाई खाटेवर आडवी झाली होती, तर करुणा उंबऱ्यात उभी राहून कितीतरी वेळ ठरवत होती, झोपलेली का पडलेली. शेवटी जवळ जाऊन तिनं मायच्या नाकापुढं बोट धरलं. पद्माबाई दचकून उठली.

"काय करून राहिलीस पोरी?"

"काही न्हाई. माशी होती."

करुणाचे वडील शेषराव तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये होते. सरकी वेगळी करणाऱ्या मशीननं त्यांचे कान खाल्ले होते. त्या आवाजात तिथले सगळेच कामगार एकमेकांचे ओठ बघून बोलायचे, आणि शेषराव तर आता त्याच्यावरच जगत होते. समोरचा कुजबुजला काय आणि ओरडला काय, त्यांना सारखंच. हे करुणाच्या ध्यानात आलं त्या दिवशी तिला स्वतःचीच कमाल वाटली, की आधी कसं सुचलं नाही.

क्लिप घरी नेता येत नव्हती. फोन दारातच काढून ठेवावे लागत. म्हणून ती तीन दिवस म्हातारीचं तोंड पाठ करत होती. जेवणाच्या सुट्टीत बेसिनच्या आरशापुढं उभं राहून तसेच ओठ हलवायची. म्हातारीचे वरचे दात नव्हते, म्हणून ओठ आत जायचे. करुणानं तेही उचललं.

चौथ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी शेषराव ओसरीवर बसले होते. पद्माबाई गहू निवडत होती. करुणा बापापुढं खाली बसली.

"बाबा, मी काय म्हणून राहिले ते वळखा."

शेषराव हसले. पोरीला खेळ सुचला, असं त्यांना वाटलं. करुणानं हनुवटी वर केली, म्हातारी बघायची तसं बघितलं, आणि आवाज न काढता ओठ हलवले.

शेषरावांचं हसू गेलं. "पुन्हा कर."

तिनं पुन्हा केलं.

"'जेवलीस का, पोरी,'" शेषराव हळूहळू म्हणाले, जसं कुणी पुसट अक्षरं वाचतं. "मंग हाय... 'रोज बघतीस.' व्हय. 'रोज बघतीस, बोलून काहून न्हाई राहिलीस?'"

शेषरावांनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं.

"हे तुझं तोंड न्हाई," शेषराव म्हणाले. "मी चोवीस वर्षं तुझं तोंड बघून राहिलो. हे दात पडलेल्या बाईचं बोलणं हाय. कोण हाय ती?"

"बंद करा ते," पद्माबाई सूप खाली ठेवत म्हणाली. "लेकीच्या तोंडात दुसरंच कोणी बसल्यावानी दिसून राहिलं." या घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या, भूतखेत, अंगारे, उतारे यांना थारा नव्हता. पण त्या संध्याकाळी पद्माबाईनं रांजणातल्या पाण्यानं हात ओला केला आणि लहानपणी पुसायची तसं करुणाचं तोंड दोनदा पुसून काढलं.

शेषराव मात्र त्याच विचारात होते. झोपायला जाताना म्हणाले, "कुठलीबी असू दे, पण 'काहून' म्हणणारी बाई पुण्या-मुंबईची नसती. ती आपल्याच भागातली हाय."

करुणानं आजवर ते घर लांब कुठंतरी धरलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं पहिल्यांदा खोलीकडं आपल्या भागातली खोली म्हणून पाहिलं, आणि दाराशेजारच्या खिळ्यावरची पिवळी पिशवी तिला दिसली. महिनाभर ती तिथंच होती. तांबड्या अक्षरांवर अर्धी घडी पडलेली. '...क्लॉथ सेंटर, जवळा बा...'

जवळा बाजार. औंढ्याच्या पुढं. ऑफिसपासून सव्वा तासाची वाट.

त्याच आठवड्यात गुरुवारी चारशे अकराचा मोठा गठ्ठा आला. तीनशे क्लिपा, आणि या वेळी पिसलेल्या नव्हत्या. एकाच दिवसाच्या, ओळीनं. कॅलेंडरवर जुलै.

पहिल्या क्लिपमध्ये म्हातारी पडलेली होती. दुसऱ्यात पडलेली. तिसऱ्यात पडलेली. ती कुशीवर होती, एक हात कॅमेऱ्याकडं लांब केलेला. दर थोड्या वेळानं घेतलेली एक क्लिप, त्यामुळं खिडकीतून आलेला उन्हाचा तुकडा करुणाच्या डोळ्यांदेखत फरशीवरून सरकत होता. तो म्हातारीच्या पायावर आला, कमरेवर आला, तोंडावर आला. ऊन तोंडावर होतं तेव्हा ओठ स्वच्छ दिसले. करुणाला आता बापाची गरज नव्हती.

पोरी, ये.

पुढच्या क्लिपमध्ये तेच. त्याच्या पुढच्यात तेच. पोरी, ये. करुणा चौकट ओढत होती, 'पडलेली' लिहीत होती, पुढं जात होती. दुसरं करणार काय? शंभराच्या पुढं कधीतरी मशीननं आपणहून शब्द बदलला: 'झोपलेली'. करुणानं तो खोडून 'पडलेली' केला. पुढच्या प्रत्येक क्लिपला मशीन 'झोपलेली' म्हणत राहिलं आणि ती खोडत राहिली. ऊन ट्रंकेपर्यंत गेलं. म्हातारीचे ओठ हलायचे थांबले.

आणि दोनशे एकसष्टाव्या क्लिपमध्ये हिरवी चौकट नव्हतीच. ट्रंकेभोवती करडी चौकट होती, 'वस्तू'. स्टुलाभोवती करडी, 'वस्तू'. आणि म्हातारीभोवती तशीच करडी. 'वस्तू'.

 करुणानं करडी चौकट काढली आणि हिरवी मारली. 'व्यक्ती. पडलेली.' चाळीस वेळा मारली. शेवटच्या क्लिपमध्ये खोलीत अंधारून आलं होतं, दार बंद होतं, आणि कुणी आलेलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी चाळीसच्या चाळीस क्लिपा तांबड्या होऊन परत आल्या. प्रत्येकीखाली एकच ओळ: हालचाल नाही, व्यक्ती धरू नये.

ती कुलदीपच्या टेबलाशी गेली. "सर, ही बाई जवळा बाजारची हाय. दिवसभर पडून होती. घंटा वाजली न्हाई का?"

"हळू बोला." त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "वाजली न्हाई म्हणूनच तर हा ओळीचा गठ्ठा आपल्याकडं आला. मशीन कुठं चुकलं ते बघायला. वाजली असती तर आलाच नसता."

"मंग ती जगली का मेली?"

कुलदीप स्क्रीनकडं बघत राहिला.  "ते आपल्या कामात येत न्हाई, मॅडम," तो म्हणाला. पण ते त्यानं वर न बघता म्हटलं.

रविवारी करुणा घरात 'जादा काम हाय' असं सांगून निघाली आणि हिंगोलीहून एस.टी.नं जवळा बाजारला उतरली. पिशवीवरचं कापडाचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. गल्ल्यावरच्या माणसाला तिनं विचारलं, एकटी राहणारी म्हातारी, लेक बाहेरगावी, घरात कॅमेरा.

"मुंजाजीची बनाबाई व्हय," तो म्हणाला. "गावात तिच्याच घरी होता पयला कॅमेरा. पाण्याच्या टाकीमागं जा. दारात शेळ्या दिसतील."

म्हातारी आहे का, हे करुणाला विचारवलं नाही.

शेळ्या दिसल्या. त्यांना पाला टाकणारी चाळिशीची बाई होती. बनाबाईच्या दिराची लेक, शिवकन्या. करुणानं कॅमेऱ्याच्या कामातली आहे असं सांगितलं. ते खोटं नव्हतं.

"आत या. मोठी माय खाटेवर हाय," शिवकन्या म्हणाली, आणि करुणा उंबऱ्यातच थांबली.

"जित्या हायेत?"

"हायेत की. काहून?" शिवकन्यानं तिच्याकडं चमकून पाहिलं. "आखाडात पडली. खुब्याचं हाड मोडलं. मी निंदायला गेले व्हते, सांजच्याला येऊन बघते तर पडलेली. नऊ घंटे. तिचा लेक शिवप्रसाददादा पुण्याला, त्याच्या फोनवर काहीच आलं न्हाई म्हणे. तवापासून खाटेवरच हाय."

करुणा आत गेली. त्या खोलीचा कोपरान् कोपरा तिला पाठ होता, पण वरून. दारातून ती खोली लहान होती, बुटकी होती, आणि तिला वास होता. शेळ्यांचा, औषधाचा, राखेचा. फळीवरच्या डब्यांना बाजू होत्या. एका फरशीवर पाय द्यायचा तिनं टाळला आणि वळसा घालून गेली. शिवकन्या बघत राहिली.

मग तिनं ती भिंत पाहिली जी कॅमेऱ्याला कधी दिसली नव्हती. कॅमेऱ्याच्या बरोबर खाली कोनाडा होता. कोनाड्यात स्टीलची ताटली, आणि ताटलीत भाकरीचा तुकडा. आजचाच, मऊ.

"रोज ठेवावा लागतो," शिवकन्या हळूच म्हणाली. "न्हाई ठेवला तर मोठी माय जेवत न्हाई. वरची उपाशी राहील म्हणती."

खाटेवरून आवाज आला. करुणानं तो आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तिनं मनात धरला होता त्याहून तो जाड होता, शेळ्यांना हाका मारलेला.

"आलीस?"

बनाबाई उशीला टेकून बसली होती. केस कापलेले, हात काटकीसारखे. पण डोळे तेच.

"नवीन बाई आली की असंच म्हणती," शिवकन्या पुटपुटली. "नर्सबाईलाबी म्हणाली व्हती."

करुणा खाटेशेजारच्या स्टुलावर बसली. "आजी, तुमी मला वळखता का?"

"तू वरची न्हाई का?" बनाबाईनं कॅमेऱ्याकडं बोट केलं. "बसवणारा म्हणला, याच्यात कोणी नसतं, मशीन हाय. म्या म्हणलं, जे बघतं त्याला जीव असतोच. मेंढरं राखताना पाठीवर नजर पडली तरी कळती मला. मी पडले तवा व्हतीस तू?"

नाही म्हणता आलं असतं. खरंही तेच होतं.

"मी बघितलं, आजी."

"मंग आली काहून न्हाईस?"

करुणानं सांगायचा प्रयत्न केला. क्लिपा कशा साठवतात, कशा पाठवतात, कधी येतात. "मला आत्ता गुरुवारी दिसलं. आठ महिन्यांनी."

 बाहेर शेळीची एक पाठ ओरडत होती.

"म्हंजी म्या आखाडात हाक मारली, आन तुला फागणात ऐकू आली."

"ऐकू न्हाई आली, आजी. नुसतं दिसलं."

"आन आत्ता तू हितं बसली हायस," बनाबाई सावकाश म्हणाली, "हे कवा दिसंल? आन कोणाला?"

करुणानं वर पाहिलं. छताच्या कोपऱ्यात मुठीएवढा पांढरा डबा होता, त्यात काळी भिंगाची बाहुली आणि बारीक हिरवा ठिपका. इतके दिवस ती याच्यातून बघत होती आणि तो तिनं कधी पाहिला नव्हता.  सावरून बसायचं म्हटलं तरी कसं बसावं ते तिला सुचेना.

"शिवकन्ये, ताटली आण," बनाबाई म्हणाली. "खा पोरी. तुझंच हाय."

करुणानं कोनाड्यातली भाकरी खाल्ली. दोघी बायका ती खाईपर्यंत बघत होत्या. 

निघताना तिनं शिवकन्याकडून शिवप्रसादचा नंबर घेतला आणि स्टँडवरूनच फोन लावला. माणूस न हलता पडून राहिलं की हा कॅमेरा त्याला माणूस धरत नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. पलीकडचा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "एक मिनिट. तुम्ही आमच्या घरात बघता? माणसं बघतात? आम्हाला तर कुणी सांगितलं नव्हतं." त्याचा आवाज इतका बारीक झाला, की करुणालाच चोरी केल्यासारखं वाटलं.

सोमवारी तिच्या स्क्रीनवर चारशे अकरा नव्हतं. ते पुन्हा आलंच नाही. तिच्या त्या चाळीस क्लिपा दुसऱ्या कुणीतरी दुरुस्त केल्याचं कुलदीपनं सांगितलं. कुणी, कोणत्या गावात बसून, ते त्यालाही माहीत नव्हतं. करुणा काम करत राहिली. करडी चौकट आली की ती क्लिप पुन्हा चालवायची, पुन्हा चालवायची, चादरीखाली श्वास दिसतो का बघायची. तिचा वेग कमी झाला आणि त्याबद्दल तिला दोनदा ताकीद मिळाली.

महिन्याभरानं ती पुन्हा जवळा बाजारला गेली. येताना पद्माबाईनं म्हातारीसाठी मऊ पोळ्या बांधून दिल्या होत्या; घरी करुणानं सगळं सांगून टाकलं होतं. दारातच शिवकन्या म्हणाली, "बरं झालं आलात. दादा म्हणला, तो कॅमेरा काढून टाक. लोकं बघतात म्हणे त्याच्यातून. माझा हात पुरत न्हाई तिथं."

करुणानं स्टूल कोनाड्यापुढं ओढलं. ओढणी खांद्यावरून काढून हातात घेतली, आधी कॅमेऱ्याचा डोळा झाकायचा आणि मग वायर सोडायची, म्हणून. ती स्टुलावर चढली. भिंग तिच्या तोंडासमोर आलं, आणि त्याच्या काळ्या गोलात तिला स्वतःचं तोंड दिसलं, लहान, वाकडं, फार लांबचं.

"राहू दे," खाटेवरून बनाबाई म्हणाली.

"आजी, तुमच्या शिवप्रसादनंच सांगितलं हाय."

"त्याला मी सांगते. तू खाली उतर. तिकडं बसलेल्या पोरीला एकदम अंधार दिसला तर घाबरंल ती."

"ती पोरगी मीच हाय ना आजी."  "मी हितं हाय."

"तू हितं हायस," बनाबाई म्हणाली. "तिथं आता दुसरी असंल."

करुणा ओढणी धरून तशीच उभी राहिली. हिरवा ठिपका स्थिर होता. मग ती खाली उतरली, डब्यातली पोळी काढली, तिचा एक तुकडा मोडला आणि ताटलीत ठेवला.